डाव्या डोळ्यावरची पट्टी

बुद्धघोष मखरे नेमबाजीचा चष्मा दुकानात कधी बसवून देत नसे. वाचायचा चष्मा, लांबचा चष्मा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, सगळं दुकानात. पण पिस्तुलाचा चष्मा घेऊन कुणी पोरगं आलं की हा म्हणायचा, "तू नेम काय खुर्चीत बसून धरतोस? मग चष्मा खुर्चीत का बसवून मागतोस? चल रेंजवर." आणि दुकान बायकोवर सोडून, बारके पेचकस शर्टाच्या खिशात टाकून तो स्कूटर काढायचा. 'आलोच' म्हणून गेलेला नवरा जेवणवेळेलाच उगवतो, हे तेजश्रीला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती गिऱ्हाइकांना सरळ सांगायची, "आता ते सापडायचे नाहीत. तुम्ही फ्रेम तेवढी बघून ठेवा."

रेंज म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीच्या अंगाला असलेलं एक पत्र्याचं गोदाम. फौजेतून सुभेदार म्हणून उतरलेले दादासो सर तिथं पोरापोरींना नेमबाजी शिकवायचे. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आत भाकरी भाजून निघावी, पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली पोरं एसट्या धरून यायची, आणि त्यातल्या ज्यांना चष्मा लागायचा त्या सगळ्यांचा चष्मा बसवणारा माणूस एकच.

हा चष्मा बघाल तर तो चष्मा वाटायचा नाही. नुसत्या तारा आणि स्क्रू. उजवीकडं एका दांडीवर एकच गोल भिंग, ते वर-खाली, मागं-पुढं, तिरपं कसंही फिरवता येतं. डावीकडं भिंग नाहीच, तिथं टांगलेली एक पांढरी पट्टी. नेम एका डोळ्यानं धरायचा असतो. दुसरा मिटून धरला तर सगळं तोंड ताणतं आणि उघडा डोळाही लवकर थकतो. म्हणून दुसरा उघडाच ठेवायचा, फक्त त्याच्यापुढं आडोसा करायचा. पट्टी काळी चालत नाही, उजेड आत यायला हवा. बुद्धघोष ती श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापायचा. कंपनीच्या पट्टीपेक्षा झाकणाची पट्टी सरस, असं त्याचं ठाम मत. त्यामुळं घरात श्रीखंड सणावाराची वाट न बघता यायचं आणि पोरांची चंगळ व्हायची.

चष्मा बसवायची त्याची रीत ठरलेली. नेमबाजानं लेनवर उभं राहायचं, हात वर करायचा, डोळे मिटायचे, मान सैल सोडायची, आणि मग डोळे उघडायचे. उघडल्यावर डोळा जिथं असेल तिथं भिंगाचा मध्य आला पाहिजे. "डोळ्यानं भिंगाकडं जायचं नाही बाळा, भिंगानं डोळ्याकडं यायचं," हे तो एवढ्या वेळा म्हणायचा की पोरं त्याच्या पाठीमागं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची. मध्य कळावा म्हणून तो भिंगावर स्केचपेननं तिळाएवढा ठिपका काढी. पिस्तुलाच्या टोकाला जी खुंटी असते, जिला सगळे माशी म्हणतात, तिच्यावर तो ठिपका बसायला हवा. माशी लख्ख दिसली पाहिजे. पलीकडचं टार्गेट धूसर राहिलं तरी चालतं, नव्हे, धूसरच हवं. हे सगळं जमलं की तो शेवटचा प्रश्न विचारायचा, "कुठून काही आड येतंय का?" समोरून 'नाही' असं उत्तर येईपर्यंत हा गडी तिथून हलायचा नाही.

एवढा काटेकोर माणूस, पण एका बाबतीत त्यानं सोयीस्कर मौन धरलं होतं. गावाकडची माणसं त्याला 'डॉक्टर' म्हणायची.

तो डॉक्टर नव्हता. निमगाव केतकीच्या रामभाऊ मखरे गुरुजींचा हा मुलगा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात बाळाचं नाव भंतेजींना विचारून ठेवत. त्यातून हे भारदस्त नाव आलं. दुकानाच्या पाटीवर त्यानं 'घोष ऑप्टिक्स' लिहिलं तर लोक विचारायला लागले, "तुम्ही कलकत्त्याचे का हो?" रामभाऊंची फार इच्छा होती की मुलानं डॉक्टर व्हावं. थोडक्यासाठी मेडिकल हुकलं आणि त्यानं डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचा कोर्स केला. दुकान टाकल्यावर म्हातारा रोज कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसायचा. कुणी आत येऊन "डॉक्टर हायेत का?" म्हणालं की रामभाऊ ताठ व्हायचे, धोतराचा सोगा सारखा करायचे, आणि मुलाकडं अशा नजरेनं बघायचे की त्याला 'अहो, मी डॉक्टर नाही' म्हणायचा धीर व्हायचा नाही. सुरुवातीला वडील नसताना तो दुरुस्त करायचा. मग तेही सोडून दिलं. रामभाऊ वारले, खुर्ची रिकामी झाली, पण 'डॉक्टर' काही गेलं नाही. खरं सांगायचं तर आता त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

प्रतिक्षा लासुर्ण्याची. तिचा आजा मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचा; बाप जोतीराम मात्र मेंढरं विकून ऊस आणि जर्शी गाई घेऊन एका जागी ठरला. पोरगी शाळेत असताना कुणाच्या तरी नादानं दादासो सरांकडं गेली आणि तिथं तिचा हात असा स्थिर निघाला की सरांनी जोतीरामला बोलावून सांगितलं, "हिला स्वयंपाकघरात कोंडू नका. हिचा हात सोन्याचा आहे." तेव्हापासून घरानं एकच ध्यास घेतला: प्रतिक्षानं राज्यात मेडल आणायचं, खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायचं. लासुर्ण्यात त्यांच्या भावकीतली एकही पोरगी अजून सरकारी नोकरीला लागली नव्हती. जोतीराम दूध घालायला गेला तरी डेअरीवर हेच बोलायचा.

तिच्या उजव्या डोळ्याला थोडा नंबर होता, म्हणून ती बुद्धघोषकडं आली. पहिल्यांदा तो तारांचा चष्मा घालून ती घरी गेली तेव्हा आज्जी सिंधुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया! ह्यो चष्मा हाय का गाडीचा आरसा? असल्या ध्यानाला कोण पसंत करंल?" प्रतिक्षा हसून म्हणाली, "आज्जे, मला नवरा नगं, माशी दिसू दे."

बुद्धघोषला ही पोर फार आवडायची. बाकीची पोरं भिंग तिरपं झालं तरी सांगत नसत, मार्क कमी पडल्यावर कुरकुरत. हिला केसभर फरक कळायचा. "काका, ठिपका माशीच्या डाव्या खांद्यावर बसतोय," असं ती सांगायची आणि तो स्क्रू एवढासा फिरवून विचारायचा, "आता?" "आता बरूबर." असं काम करताना दोघांनाही वेळेचं भान राहायचं नाही. दर काही महिन्यांनी तो तिचा उजवा डोळा तपासायचा, नंबर पावानं सरकला तरी नवं भिंग घालायचा. त्या डोळ्याला तो फुलासारखं जपायचा.

राज्य स्पर्धा तोंडावर आली असताना ते घडलं. पहाटे प्रतिक्षा धार काढायला बसली होती. गोमाशी चावली की काय कोण जाणे, गाईनं अशी मान झटकली की शिंगाचा खुंट फाडकन पोरीच्या डाव्या डोळ्यावर बसला. भांडं उलथलं, दूध गोठ्यात सांडलं, पोरगी तोंड धरून खाली बसली. जोतीरामची तर बोबडीच वळली. तोंडसुद्धा न धुता तो तिला मोटारसायकलवर घेऊन बारामतीत आला, दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसला.

"डॉक्टर, आदी उजवा बगा," तो रडवेला होऊन म्हणाला. "उजवा शाबूत हाय का तेवढं सांगा."

बुद्धघोषनं उजवा बघितला. यंत्रावर हनुवटी टेकवून, अक्षरं वाचायला लावून, पुन्हापुन्हा बघितला. मग डावा बघितला तो बॅटरी मारून, वरवर. पापणी काळीनिळी सुजलेली, बुबुळ मात्र धड होतं. त्यानं बोटं दाखवली, तिनं मोजली. जळजळ आहे, पाणी येतंय, बाकी दिसतंय, असं ती म्हणाली.

"उजव्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला आणि जोतीराम मटकन बाकावर बसला.

"बिरोबा पावला रे बाबा! नशीब, डाव्यावर निभावलं."

हे वाक्य त्या दिवशी सगळ्यांनी म्हटलं. दादासो सर फोनवर म्हणाले, लासुर्ण्यात शेजारीपाजारी म्हणाले, सिंधुबाईनं तर पोरीवरून मीठमोहऱ्या उतरून टाकत म्हटलं. खुद्द प्रतिक्षा सुजलेल्या डोळ्यानं हसत म्हणाली, "डाव्याचं काय काम हाय काका? तसाबी तुमी तो झाकूनच ठेवताय."

एकट्या तेजश्रीला ते रुचलं नाही. बाप-लेक चहा प्यायला समोर गेले तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "डावा आतून बघायला पाहिजे. डोळ्याच्या सर्जनकडं आजच्या आज पाठवा त्यांना."

"अगं, ते बाहुली मोठी करायचे थेंब टाकणार. पोरीला दिवसभर उजेड सहन व्हायचा नाही, वर मनात भीती बसायची. स्पर्धा चार दिवसांवर आलीय. ती होऊ दे, मग जाईल."

"आणि तोवर?"

"दिसतंय की तिला."

तेजश्री काउंटरमागं निघून गेली. आता ह्या माणसाला काय म्हणावं! मार लागलेला डोळा आतून बघावा लागतो हे कोर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, त्याला ते पाठ होतं. पण त्याच्या डोक्यात त्या घटकेला फक्त मेडल होतं. जोतीराम परत आला तेव्हा त्यानं चष्म्याचा स्क्रू आवळता आवळता सांगितलं, "स्पर्धेनंतर एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या."

"आता आनि कुनाला दाखवायचं? तुमी बगितलं न्हवं, मग झालं," जोतीराम म्हणाला.

बुद्धघोषनं मान हलवली. 'अहो, मी डॉक्टर नाही' हे शब्द तेव्हा ओठावर यायला हवे होते, ते आले नाहीत. उलट त्यानं श्रीखंडाच्या नव्या झाकणातून मोठी पट्टी कापली, सुजलेली पापणी टोचू नये, आरशात बघून पोरीचं मन बिथरू नये अशी. पट्टीच्या कडा त्यानं नखाला घासून गुळगुळीत केल्या. इतक्या मायेनं त्यानं तो डोळा झाकला.

प्रतिक्षानं राज्यात रुप्याचं मेडल आणलं. लासुर्ण्यात हलगी वाजली, भंडारा उधळला, सत्काराला दादासो सरांना फेटा बांधला तसा बुद्धघोषलाही बांधला. माईकवर कुणीतरी म्हणालं, "आन् आमचे डोळ्याचे डॉक्टर, ज्यांनी पोरीचा डोळा वाचिवला..." टाळ्या पडल्या. सूज केव्हाच उतरली होती. दवाखान्याचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही, आणि त्यानंही आठवण केली नाही.

दिवाळीनंतर एकदा रेंजवर भिंग बदलायचं होतं. ठिपका काढला, हात वर झाला, माशी जुळली. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठून काही आड येतंय का?"

"येतंय काका. डावीकडं. वरून, नाकाच्या बाजूनं काळं काहीतरी."

"पट्टी तिथंच अडकवलीय. क्लिपची सावली पडत असंल."

त्यानं क्लिप सरकवली. "आता?"

"हाय अजून. कोपऱ्यात."

त्यानं पट्टी काढली, खिशातल्या कात्रीनं वरचा कोपरा गोल कापला, पुन्हा बसवली. तो कोपरा कापताना त्याला आपल्या कामाचं समाधान वाटत होतं. हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला एवढी बारीक सावली कळली नसती, असंच त्याच्या मनात आलं. पट्टी हातात असताना, डोळ्यापुढं काहीच नसताना, 'आता काळं दिसतंय का' एवढं विचारायचं होतं. एवढंच! ते त्याला सुचलं नाही. चष्मा बसवणाऱ्याला दोष चष्म्यातच दिसतो.

"आता?"

प्रतिक्षानं वळून बघितलं. मागं पोरं खोळंबली होती, दादासो सर घड्याळ बघत होते, आणि काका मघापासून तिच्यासाठी वाकून उभे होते. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

पुढं एकदा तिनं पुन्हा सांगितलं की काळं खाली सरकलंय. त्यानं पट्टीच बदलून दिली.

दोन डोळ्यांनी बघणाऱ्याला एक डोळा हळूहळू उणा होत गेला तर कळत नाही, उरलेला सगळं भरून काढतो. प्रतिक्षा एसटीनं येत होती, धार काढत होती, पोलीस भरतीसाठी धावत होती. कधी डाव्या हाताचा तांब्या निसटायचा, कधी चौकटीला खांदा लागायचा. सिंधुबाई म्हणायची, "पोरीचं ध्यान समदं त्या बंदुकीत." भरतीचं मैदान तिनं मारलं, लेखी परीक्षाही मारली, मेडलच्या जोरावर यादीत नाव आलं. जोतीरामनं डेअरीवर पेढे वाटून टाकले. वैद्यकीय तपासणी तेवढी बाकी होती, पण धडधाकट पोरीला तपासणीची कसली भीती!

तपासणीत अक्षरांचा तक्ता समोर होता. डावा डोळा तळव्यानं झाकून तिनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. मग म्हणाले, आता उजवा झाका. तिनं झाकला. समोर काहीच नव्हतं. तक्ता नाही, भिंत नाही, खाली कुठंतरी नुसता गढूळ उजेड. आपण चुकून दोन्ही डोळे झाकले असं वाटून तिनं हात काढून हाताकडं बघितलं आणि पुन्हा झाकला. पुन्हा तेच. "वाचा," तपासणारे म्हणाले. तिला कुठून वाचायचं तेच दिसत नव्हतं.

तिथून बाप-लेक कुठं गेले असतील? सरळ घोष ऑप्टिक्समध्ये. "डॉक्टर, कायतरी घोटाळा झालाय त्यांचा," जोतीराम दारातूनच म्हणाला. "हिला नीट वाचता आलं न्हाय म्हणत्यात. तुमी बगा अन् तसं लिहून द्या."

बुद्धघोषनं तिला खुर्चीत बसवलं. या वेळी त्यानं उजवा झाकला. बोटं दाखवली. ती गप्प. हात हलवला. ती गप्प. बॅटरी लावली तेव्हा ती म्हणाली, "उजेड वाटतोय खालच्या अंगाला. वरून नाकाकडनं जे काळं यायचं ना काका, ते पार खाली आलंय." नाकाच्या बाजूनं, वरून. क्लिप. कात्री. गोल कापलेला कोपरा. हातातली बॅटरी त्यानं टेबलावर ठेवली. काउंटरमागून तेजश्री सगळं बघत होती. तिनं पुण्याच्या दवाखान्याचा नंबर काढून त्याच्यापुढं ठेवला.

पुण्याला तो त्यांच्याबरोबर गेला. गाडीत जोतीराम सारखा बोलत होता, ऑपरेशन केलं की फेरतपासणीला अर्ज करता येतो का, कुणाला भेटावं लागंल. बुद्धघोष खिडकीबाहेर बघत हूं हूं म्हणत होता. सर्जन बाई मध्यम वयाच्या, बोलायला मऊ. त्यांनी थेंब टाकून डावा डोळा फार वेळ बघितला आणि मग दिवा बाजूला केला.

"आतला पडदा कडेनं फाटून सुटलाय. आजचा नाही, बरेच महिने झाले. डोळ्याला कधी मार लागला होता?"

"गाईचं शिंग लागलं हुतं," जोतीराम म्हणाला. "पन लई दिस झालं त्येला. ते बरं झालं हुतं."

"वरून बरं झालं. आत फट पडली होती, ती हळूहळू वाढत गेली. तेव्हाच दाखवलं असतंत तर लेझरनं शिवल्यासारखं करून डोळा राहिला असता. अगदी काळं दिसायला लागल्यावर आला असतात, तरी पुष्कळ वाचलं असतं. आता ऑपरेशन करू, पण ते डोळा आकसू नये म्हणून. नजर परत येईल असं मी सांगणार नाही."

जोतीराम उठून उभा राहिला. त्याला राग आला होता. "दाखिवलं न्हाय असं कसं म्हणता, बाई? त्याच दिशी दाखिवलं! काळं दिसाया लागल्यावरबी दाखिवलं! आमी काय अडानी हाय व्हय पोरीचा डोळा तसाच ठेवायला?"

"कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"ह्ये काय, हितंच हायेत की. सोबत आल्यात," असं म्हणून जोतीरामनं अभिमानानं बुद्धघोषच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

खोलीत अंधार होता, तपासणीच्या दिव्याचा तेवढा उजेड. बुद्धघोषला वडिलांची खुर्ची आठवली, धोतराचा सोगा आठवला, फेटा आठवला. पळून जावंसं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "माझं चष्म्याचं दुकान आहे."

जोतीरामचा हात खांद्यावर तसाच होता. माणसाला समजायला वेळ लागतो. मग तो हात हळूच उचलला गेला. जोतीराम शिव्या देईल, अंगावर येईल, असं बुद्धघोषला वाटलं, आणि त्यानं ते करावं असंही वाटलं. पण जोतीराम स्टुलावर बसून घेऊन एवढंच म्हणाला, "मग तवा का न्हाय बोलला तुमी?" प्रतिक्षा थेंब टाकलेले डोळे मिटून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ऑपरेशन झालं. डोळा जागच्या जागी राहिला, दिसायला दोन्ही सारखेच, नजर मात्र गेली ती गेलीच. पोलिसात दोन्ही डोळे लागतात. कुणीतरी सुचवलं की अपंगांच्या कोट्यातून बघा. तर एक डोळा चांगला असलेला माणूस त्यात बसत नाही म्हणे. धडधाकटांत नाही आणि अपंगांतही नाही. यादीतलं नाव गेलं. डेअरीवर जोतीराम दूध घालून कुणाशी न बोलता निघून जायला लागला.

बुद्धघोषनं रेंजवर जाणं सोडलं. दुकानात कुणी "डॉक्टर" म्हटलं की तो ताडकन म्हणायचा, "मी डॉक्टर नाही. डॉक्टर म्हणू नका मला." त्यावर म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "बघा, किती साधा माणूस! जरा म्हणून गर्व न्हाय." तेव्हा ते त्याला शिवीपेक्षा लागायचं. डोळ्याला साधा मार लागल्याचं कुणी बोललं तरी तो त्याच पावली सर्जनकडं पिटाळायचा, न गेल्यास भांडायचा. पण त्यानं लासुर्ण्याचं काही परत येणार नव्हतं. रात्री जेवताना श्रीखंडाचा डबा दिसला की तो ताटावरून उठायचा. तेजश्रीनं तो आणायचा बंद केला.

उन्हाळा सरत आला असताना दादासो सरांचा फोन आला. "प्रतिक्षा आलीय रेंजवर. चष्मा बसवायचाय म्हणते. तुम्हालाच बोलवा म्हणते. या."

तो गेला तेव्हा गोदामात ती एकटीच लेनवर उभी होती. वाळली होती. हातात तोच तारांचा चष्मा. सर दूर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"प्रतिक्षा," तो म्हणाला, "दिवाळीनंतर तू सांगितलं होतंस, काळं येतंय म्हणून. मी पट्टी कापली. माझ्यामुळं..."

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या सारखं तेच आठवत हुतं. कात्रीचा आवाजसुदिक." तिनं चष्मा डोळ्यावर चढवला. "मी तुमाला माफ केलं असं म्हणनार न्हाय, काका. न्हाय म्हणवत. पन मला नेम धराया येतो, दुसरं कायबी येत न्हाय. आनि चष्मा बसवनारं हितं दुसरं कुनी न्हाय."

त्यानं पेचकस काढला. तिनं पिस्तूल उचललं, डोळे मिटले, मान सैल सोडली, डोळे उघडले. त्यानं भिंग सरकवलं. ठिपका माशीवर आला. मग नेहमीसारखी पट्टी सारखी करायला त्याचं बोट डावीकडं गेलं.

"ती काढून टाका," ती म्हणाली. "तिचं आता काय काम हाय?"

त्यानं क्लिप सोडवली. झाकणाचा तो पांढरा तुकडा, वरचा कोपरा गोल कापलेला, त्याच्या तळहातावर आला. तो त्यानं खिशात टाकला. शेवटचा प्रश्न तोंडापर्यंत आला होता, पण तो त्याच्यानं विचारवला नाही. तो तिथंच उभा राहिला, तिच्या डाव्या हाताला, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. तिचा डावा डोळा सताड उघडा होता, सरळ त्याच्याकडं लागलेला, आणि पापणीसुद्धा हलत नव्हती. पिस्तूल धरलेला हात हवेत तसाच होता, जराही न हलता.

बराच वेळ काही आवाज आला नाही, तेव्हा तिनं विचारलं, "काका, हाय का गेला तुमी?"

"इथंच आहे," तो म्हणाला.